घर आपलं, केर आपला. मग नकाशा कोणाचा?

गुरुवार होता. पुण्यात गुरुवार म्हणजे कुठे पाणी बंद, कुठे वीज बंद. त्या दिवशी कोथरूडला आत्याकडे वीजही होती आणि पाणीही होतं, पण रस्त्याच्या खोदाईत फायबरची केबल तुटली होती. आत्याचा केर-फरशी करणारा रोबोट पूर्ण चार्ज होऊन डॉकवर बसलेला. तिने अॅप उघडलं, ‘फक्त हॉल आणि स्वयंपाकघर’ निवडलं. अॅप म्हणालं, सर्व्हरशी संपर्क होत नाही. रोबोटवरचं बटण दाबलं तर तो सगळ्या घरात फिरायला निघाला. पूजेची मांडामांड केलेली खोली सोड, हे त्याला सांगायची सोयच नव्हती. आत्या वैतागून म्हणाली, “अगं, घर माझं, केर माझा, झाडू माझ्या पैशाचा. मग हा परवानगी कोणाची मागतोय?”

माझी पीएचडी याच परिसरातली आहे. रोबोटचं किती काम त्याच्या आत, म्हणजे घरातल्या घरात, होऊ शकतं, हा माझा विषय. पण आत्याइतका नेमका प्रश्न मला सिनॉप्सिसमध्येसुद्धा मांडता आला नव्हता. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करत आहेत किंवा विषय शोधत आहेत, त्यांच्यासाठी हा प्रश्न आज जरा उलगडून सांगते.

आधी पाहू, हॉल आणि स्वयंपाकघर ओळखायला सर्व्हर लागतो का? लाइट गेल्यावर तुम्ही अंधारात घरात कसे चालता ते आठवा. चार पावलं झाली म्हणजे कपाट आलं असणार, असा अंदाज करता. हाताला कपाटाचा कोपरा लागला की अंदाज दुरुस्त करता. रोबोट नेमकं हेच करतो. चाकं किती फिरली ते मोजून ‘मी कुठे आहे’ याचा अंदाज बांधतो, आणि वर फिरणाऱ्या लायडारने भिंतींची अंतरं मोजून तो सुधारतो. गंमत अशी की जागा कळायला नकाशा लागतो आणि नकाशा काढायला जागा कळावी लागते. दोन्ही एकाच वेळी सोडवण्याच्या पद्धतीला स्लॅम म्हणतात. गालिच्यावर चाक घसरलं की चूक साचत जाते. ओळखीचा कोपरा परत दिसला की आतापर्यंतचा सगळा मार्ग मागे जाऊन सरळ केला जातो. यातलं काहीही इंटरनेटवर अवलंबून नाही.

आता पेन घ्या. नकाशा साधारणपणे चौकटींच्या जाळीत साठवतात. एक चौकट ५ सेंटिमीटर बाय ५ सेंटिमीटर धरली तर एका चौरस मीटरमध्ये ४०० चौकटी बसतात. ७०० चौरस फुटांचा टू बीएचके म्हणजे साधारण ६५ चौरस मीटर, म्हणजे २६,००० चौकटी. प्रत्येक चौकटीला एक बाइट दिला (इथे भिंत असण्याची शक्यता किती, एवढंच त्यात लिहायचंय) तर आत्याच्या अख्ख्या घराचा नकाशा २६ किलोबाइटमध्ये मावतो. व्हॉट्सअॅपवर येणारा सकाळचा ‘शुभ सकाळ’चा फोटो याच्यापेक्षा मोठा असतो! तेव्हा ‘नकाशा मोठा आहे म्हणून तो सर्व्हरवर ठेवावा लागतो’ हे कारण टिकत नाही. पण हाच आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचा. जे साठवायला इतकं छोटं आहे, ते बाहेर जातानाही कोणाच्या लक्षात येणार नाही. डेटा पॅक संपत नाही, वायफाय मंदावत नाही. आवाजाची गोष्ट वेगळी. सेकंदाला १६,००० नमुने, प्रत्येकी दोन बाइट, असा साधा आवाज दिवसभर पाठवला तर पावणेतीन जीबी होतो. तो निदान मोजता येतो. सेकंदाला १६ किलोबिटपर्यंत दाबला तर मात्र दिवसाला १७३ एमबीच्या आसपास, आणि तो चार माणसांच्या घराच्या वापरात सहज लपून जातो.

रोबोटला इंटरनेट लागतंच, ही समजूत तशी अलीकडची आहे. २००८ साली एबीयू रोबोकॉन ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपल्या पुण्यात, बालेवाडीला झाली होती. त्या वर्षीचा विषय होता ‘गोविंदा’: दहीहंडी! देशोदेशीच्या विद्यार्थ्यांची यंत्रं मटक्यांवर धावून गेली. त्यातल्या स्वयंचलित यंत्रांनी एकदा सुरू केल्यावर स्वतःचं स्वतः ठरवायचं. कुठल्याही सर्व्हरला विचारायला जायचं नाही. घरातला केर काढणं मटकी फोडण्यापेक्षा अवघड आहे हे मान्य (मैदानावर लहान मुलं आणि सुटे मोजे नसतात), पण आजच्या घरगुती रोबोटमधला प्रोसेसरही तेव्हाच्या विद्यार्थ्यांच्या मायक्रोकंट्रोलरपेक्षा कितीतरी पटींनी ताकदवान आहे. म्हणजे अडचण ताकदीची नाही. रचना तशी ठरवली गेली आहे, कारण अॅप, अपडेट, मॉडेलला शिकवण्यासाठी लागणारी चित्रं आणि ग्राहकाशी टिकणारं नातं हे सगळं कंपनीला सर्व्हरवरून सोयीचं पडतं.

सोयीचं पडतं म्हणजे वाईट हेतू असतो असं नाही. इथे माझी एक चूक सांगते. केबल जोडली गेल्यावर मी आत्याकडे लॅपटॉपचा हॉटस्पॉट केला, रोबोट त्यावर जोडला आणि वायरशार्कवर त्याची सगळी ये-जा पाहत बसले. डॉकवर गप्प बसलेला असतानाही तो ठरावीक अंतराने छोटे पॅकेट पाठवत होता, आणि केर काढून परत आला की एक मोठा गठ्ठा जात होता. मी उत्साहाने वहीत लिहिलं, ‘रोबोट घराचा नकाशा कंपनीला पाठवतो.’ गाइडनी त्याखाली एवढंच लिहिलं: ‘हे तुला कसं कळलं?’ कळलं नव्हतंच. पॅकेट एन्क्रिप्टेड होते. मला दिसत होतं ते फक्त कधी, किती आणि कोणत्या पत्त्यावर. गठ्ठ्यात नकाशा असेल, बॅटरीचा अहवाल असेल, चुकांची नोंद असेल. मी पाहिलं होतं वेळापत्रक, आणि लिहिलं होतं मजकुराबद्दल. संशोधनात उतरणार असाल तर हा फरक पहिल्याच महिन्यात शिकून घ्या. मला दीड वर्ष लागलं.

वेळापत्रकसुद्धा कमी बोलकं नसतं, हेही खरं. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या अॅपथॉर्प, राइसमन आणि फीमस्टर यांनी २०१७ मध्ये दाखवलं की घरातल्या स्मार्ट उपकरणांचे पॅकेट न उघडता, नुसत्या त्यांच्या गतीवरून, माणूस कधी झोपला, कधी उठला याचा अंदाज येतो. पत्र फोडलं नाही तरी पोस्टमन किती वेळा येतो हे शेजाऱ्यांना दिसतंच की. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर २०२० मध्ये त्याच्याही पुढचं काम केलं. माइक नसलेल्या रोबोटच्या लायडारचा झोत त्यांनी कचऱ्याचा डबा, पिशवी अशा वस्तूंवर टाकला आणि घरातल्या आवाजाने त्या वस्तू किती सूक्ष्म थरथरतात हे मोजून बोललेले अंक सुमारे ९१ टक्के अचूकतेने ओळखले. त्यासाठी रोबोटवर आधी ताबा मिळवावा लागतो आणि तो एका जागी उभा असावा लागतो, त्यामुळे उद्यापासून घाबरून कुजबुजायला लागू नका. पण ‘याला माइकच नाही, मग काळजी कसली’ हे वाक्य त्या पेपरनंतर मी वापरत नाही.

मजकूर खरोखर बाहेर गेल्याचं उदाहरणही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने रूम्बाच्या चाचणी आवृत्त्यांनी २०२० मध्ये टिपलेली घरातली चित्रं बाहेर कशी फुटली हे छापलं. त्यांत एका चित्रात बाई टॉयलेटवर बसलेली होती. कोणी हॅकिंग केलं नव्हतं. चाचणीत भाग घेणाऱ्यांनी संमती दिली होती. कंपनीने चित्रं ‘ही खुर्ची, हा माणूस’ अशी लेबलं लावून घ्यायला दुसऱ्या कंपनीकडे दिली आणि व्हेनेझुएलातल्या कंत्राटी कामगारांनी ती समाजमाध्यमांवरच्या गटांत टाकली. संमतीपत्र, करार, एन्क्रिप्शन सगळं होतं. शेवटी साखळीत माणूस होता. चित्र घराबाहेर पडलंच नसतं तर ही साखळीच तयार झाली नसती. ऑफलाइनचा गोपनीयतेचा फायदा इतका साधा आहे: कोणावर विश्वास ठेवायचा, ही यादी छोटी होते.

मालकीचा प्रश्न वेगळा आहे आणि मला तो जास्त खटकतो. जिबो नावाचा गोड घरगुती रोबोट २०१४ मध्ये लोकांनी आगाऊ पैसे देऊन उभा केला. २०१९ मध्ये सर्व्हर बंद होणार म्हणून त्याने स्वतःच मालकांचा निरोप घेतला. लहान मुलांसाठीचा मॉक्सी हा रोबोट ८०० डॉलरच्या आसपास विकला जायचा. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीचे पैसे संपले आणि ‘तुझा मित्र आता बोलणार नाही’ हे मुलांना कसं सांगायचं हा प्रश्न पालकांपुढे आला. (त्या कंपनीने जाता जाता घरच्या संगणकावर चालवता येईल असं सॉफ्टवेअर खुलं केलं, हे नोंदवायला हवं.) २०२५ मध्ये एका भारतीय अभियंत्याने स्वतःचा अनुभव लिहिला: त्याने रोबोटची कंपनीकडे जाणारी माहिती अडवली, काही दिवसांनी रोबोट बंद पडला, आणि आतल्या नोंदी उघडल्यावर त्याला दुरून दिलेली थांबण्याची आज्ञा सापडली. मोटर शाबूत, बॅटरी शाबूत, यंत्र मात्र मृत. तपकीर गल्लीतला कितीही हुशार कारागीर यावर काय करणार? त्याच्या सोल्डरिंग गनने सर्व्हर दुरुस्त होत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं, पण सुटे भाग आणि मॅन्युअल मिळाले म्हणून दुसऱ्याच्या सर्व्हरवरचा मेंदू आपला होत नाही.

पुण्यात राहून हे लिहिताना सी-डॅकची आठवण येणं साहजिक आहे. ऐंशीच्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे महासंगणक मिळाला तो हवामानाच्या कामापुरता, वापरावरच्या अटींसकट. यंत्र तुमच्या इमारतीत, पैसे तुमचे, आणि त्यावर काय चालवायचं हे विकणारा सांगणार. त्या कोंडीतून १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालं आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. एक तपशील मला आवडतो: परमच्या आतले ट्रान्सप्युटर ब्रिटिश कंपनीचे होते. प्रत्येक चिप आपण बनवली होती असं नाही. आपल्या हातात आलं ते हे, की त्यावर काय चालवायचं यासाठी कोणाला विचारावं लागणार नाही. घरगुती रोबोटच्या बाबतीत ‘मालकी’ची मी हीच व्याख्या धरते. यंत्र कुठल्याही देशातलं असो. केबल तोडली, कंपनी बुडाली, तरी ते काल करत होतं ते उद्या करेल का?

व्हॅलेटुडो नावाचं मुक्त सॉफ्टवेअर हेच करतं. काही ठरावीक मॉडेलमध्ये ते कंपनीच्या सर्व्हरची जागा रोबोटच्या आतच घेतं. नकाशा, खोल्या, वेळापत्रक सगळं घरच्या वायफायवर, बाहेर काही नाही. म्हणजे हे शक्य आहे का, हा संशोधनाचा प्रश्नच उरलेला नाही. केर काढण्यापुरतं उत्तर आलं आहे.

जिथे खरंच अडतं ते म्हणजे भाषा आणि हाताची कामं. ‘ते निळं भांडं ओट्यावर ठेव’ हे मराठीत समजून करायचं असेल तर भाषेचं मॉडेल लागतं. पुन्हा पेन घ्या. ३०० कोटी पॅरामीटरचं मॉडेल चार-चार बिटांत दाबलं की दीड जीबी होतं. एक टोकन तयार करायला साधारण सगळं मॉडेल एकदा मेमरीतून वाचावं लागतं. रास्पबेरी पाय ५ ची मेमरी कागदावर सेकंदाला १७ जीबी वाचते. म्हणजे फार तर ११ टोकन, प्रत्यक्षात त्याहून कमी. इंग्रजीला हे चालून जाईल. पण बरीचशी मॉडेल देवनागरी शब्दाचे बारीक तुकडे करतात. एका शब्दाचे चार तुकडे झाले तर तोच रोबोट मराठीत सेकंदाला तीनसुद्धा शब्द काढणार नाही. तेव्हा घराबाहेर माहिती जाऊ नये ही चैन आधी इंग्रजी बोलणाऱ्या घरांना मिळणार, आणि आपल्याला ‘मराठी हवं असेल तर सर्व्हरला जोडा’ असं सांगितलं जाणार. इथे काम करायला भरपूर जागा आहे, आणि ते करायला मराठी येणारा माणूसच लागेल.

हाताच्या कामांचं म्हणाल तर जून २०२५ मध्ये गुगलने रोबोटवरच चालणारं जेमिनी रोबोटिक्सचं मॉडेल जाहीर केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वनएक्स कंपनीने निओ या घरगुती मानवाकृती रोबोटची नोंदणी २०,००० डॉलरला सुरू केली. त्याला जे जमत नाही ते कंपनीचा माणूस दुरून, डोळ्यांवर हेडसेट लावून, त्याच्या हातांनी करणार. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात एक अनोळखी माणूस उभा असणार, फक्त त्याचे पाय दुसऱ्या देशात. दोन्ही वाटा एकाच वर्षी उघडल्या आहेत.

आता ऑफलाइनची बाजू घेताना मी काय लपवते आहे ते विचारा. रोबोट ऑफलाइन झाला की सुरक्षेच्या अपडेट कोण देणार? नकाशा घरातच राहिला, पण रोबोट जुन्या बाजारात विकला तर नकाशासकट जातो. आणि घरातल्या घरात पाळत ठेवणारा नवरा किंवा सासू असेल, तर ‘माहिती घराबाहेर जात नाही’ याने त्या बाईचं काय भलं झालं? गोपनीयता कोणापासून, हे आधी लिहा. आमच्या भाषेत याला थ्रेट मॉडेल म्हणतात. प्रस्तावातलं ते पहिलं पान असावं. बरेच जण ते शेवटी लिहितात, आणि मग प्रयोगाशी त्याचा मेळ बसत नाही.

माझं हे पहिलं पान बदललं ते आत्याकडच्या कामाच्या मावशींमुळे. मी लॅपटॉप घेऊन बसलेली पाहून त्यांनी विचारलं, “ताई, ह्याला माझं तोंड दिसतं का?” रोबोटला पुढे कॅमेरा आहे, वस्तू चुकवण्यासाठी. मी म्हटलं, “दिसत असणार.” त्या म्हणाल्या, “मग मला कोणी विचारलं नाही ते.” आत्याने अॅपमध्ये ‘मान्य आहे’ दाबलं होतं. मावशींनी नव्हतं दाबलं. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी गोपनीयता मूलभूत हक्क मानली; २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. पण कोणी व्यक्ती स्वतःच्या घरगुती कामासाठी माहिती वापरत असेल तर तिला हा कायदा लागू होत नाही. कंपनी कचाट्यात येईल, आत्या येणार नाही. मावशींचा प्रश्न मात्र दोघींच्या मधल्या दारात उभा आहे. मी वाचलेल्या पेपरांत ‘वापरकर्ता’ म्हणजे विकत घेणारा. त्याच खोलीत रोज दोन तास काम करणाऱ्या बाईसाठी रकानाच नाही.

मावशींनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा कॅमेऱ्यावर एक मोठी लाल टिकली चिकटवलेली होती. आत्या हसत होती. मला मात्र तो आयता प्रयोगच मिळाला. यंत्रणेचा एक भाग काढून टाकायचा आणि काय बिघडतं ते पाहायचं, याला अॅब्लेशन स्टडी म्हणतात. मावशींनी तो एका टिकलीत केला होता. लायडार वर असल्यामुळे नकाशा तसाच आला, खोल्या नीट ओळखल्या गेल्या, पलंगाखालचा केर निघाला. फक्त हॉलमधली फोनच्या चार्जरची वायर त्याने गिळली आणि तिथेच ओरडत बसला. सध्या मी अशी यादी करते आहे: टिकली असताना काय काय अडतं, आणि त्यातलं किती नुसत्या अंतर मोजणाऱ्या, चेहरा न दिसणाऱ्या सेन्सरने भरून काढता येतं. आत्याने वायर उचलून ठेवायला सुरुवात केली आहे. टिकली अजून आहे.